वैद्यकीय उपकरणांची इलेक्ट्रिकल सेफ्टी टेस्ट : तयारीपासून नोंदीपर्यंत, योग्य क्रमाने

सेफ्टी अ‍ॅनालायझरवर (उपकरणाची विद्युत सुरक्षितता मोजणाऱ्या मीटरवर) 'पास' उमटलं की स्टिकर चिकटवायचा आणि पुढच्या वॉर्डकडे निघायचं, ही सवय फार जणांना असते. सुरुवातीची काही वर्षं मलाही होती. मग एका अल्ट्रासाउंड मशीनने ती मोडली. सलग दोन वर्षं त्याचा लीकेज करंट, म्हणजे इन्सुलेशन असूनही बाहेर झिरपणारा करंट, १४-१५ मायक्रोअँपिअर येत होता. तिसऱ्या वर्षी चाचणीच्या वेळी नेटवर्कची केबल योगायोगाने काढलेली होती आणि आकडा आला ६१०. मशीन त्या वर्षी बिघडलेलं नव्हतं, आधीचे दोन्ही आकडे खोटे होते. केबलच्या शील्डमधून (तारांवरच्या धातूच्या आवरणातून) करंट जमिनीत जात होता आणि मीटरपर्यंत पोचतच नव्हता.

या कामातल्या बहुतेक चुका अशाच असतात. त्यांनी उपकरण नापास होत नाही, उलट फार चांगलं पास होतं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर 'आकडा खोटा कसा येतो' यावर मी जास्त वेळ घेतला आहे.

हा लेख रुग्णालयातल्या ठरावीक मुदतीच्या आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणीबद्दल आहे, म्हणजे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६२३५३ या मानकाच्या चौकटीत. उत्पादक कारखान्यात जी चाचणी करतो ती आयईसी ६०६०१-१ प्रमाणे होते. तिच्या मर्यादा आणि पद्धती वेगळ्या आहेत. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका. उत्पादकाने मॅन्युअलमध्ये खास अट दिली असेल तर ती आधी वाचा.

टप्पा १ : तयारी

अर्धं काम इथेच होतं आणि घाईत हाच टप्पा गाळला जातो.

सगळ्यात आधी वॉर्डमधल्या सिस्टरला विचारा : उपकरण खरोखर मोकळं आहे का, आणि त्याच्या जागी दुसरं लावलं आहे का? रुग्णाला जोडलेल्या उपकरणाची चाचणी करायची नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. मग उपकरण पुसून, निर्जंतुक करून घ्या आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. ओलसर कनेक्टरमुळे लीकेज वाढलेला दिसतो आणि चांगलं उपकरण नापास होतं.

अलार्मच्या मर्यादा, मोड, वापरणाऱ्याने ठेवलेली सेटिंग्ज लिहून ठेवा किंवा फोटो काढा. चाचणीत पुरवठा अनेकदा तुटतो, पोलॅरिटी उलटसुलट होते (फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते) आणि काही उपकरणं मूळ सेटिंगवर परत जातात. पंप किंवा मॉनिटर वेगळ्या अलार्म मर्यादेसह वॉर्डात परत गेला, तर धोका आपणच तयार केला असं होईल.

आता जागा. उपकरण इन्सुलेटेड टेबलावर ठेवा. स्टीलच्या टेबलावर किंवा धातूच्या ट्रॉलीवर ठेवू नका. पॉवर कॉर्ड सोडून बाकी सगळं काढा : नेटवर्क केबल, यूएसबी, प्रिंटर, नर्स-कॉलची वायर, व्हिडिओ केबल, समविभवाची अर्थ वायर (जवळच्या उपकरणांच्या बॉडी एकमेकींना जोडणारी). यातली एकही जोडलेली राहिली तर करंटला जमिनीत जायला चोरवाट मिळते.

मग सॉकेट. ज्या सॉकेटवर अ‍ॅनालायझर लावणार त्याचं फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग आधी तपासा. इथे एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूमधली काही सॉकेट्स आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून येतात. त्या पुरवठ्याचा जमिनीशी थेट संबंध नसतो, त्यामुळे तिथे उपकरण चालू ठेवून मोजलेला लीकेज करंट खोटा कमी येतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या यूपीएसवरही तेच घडतं. असं मोजमाप नेहमी न्यूट्रल अर्थ केलेल्या साध्या पुरवठ्यावर करा. उपकरण वर्कशॉपमध्ये आणता आलं तर उत्तम.

इशारा : चाचणीदरम्यान लीकेज ब्रेकर (गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) पडू शकतो. ज्या सर्किटवर चालू व्हेंटिलेटर किंवा पंप आहे, त्या सर्किटवर अ‍ॅनालायझर लावू नका.

पडताळणी : अ‍ॅनालायझरचं कॅलिब्रेशन मुदतीत आहे ना? त्याच्या स्वतःच्या लीड्स तुटक्या नाहीत ना? टेस्ट लीडचा रेझिस्टन्स शून्य करून घेतला का? शून्य एका लीडने केलं आणि मोजलं दुसऱ्या लीडने, तर अर्थिंगचे सगळे आकडे निरुपयोगी ठरतात.

टप्पा २ : वर्ग आणि प्रकार ठरवा

अ‍ॅनालायझर तुम्हाला वर्ग विचारतो आणि त्यावरून मर्यादा लावतो. उत्तर चुकलं तर पुढचा निकालही चुकणार.

वर्ग १ म्हणजे ज्या उपकरणाची सुरक्षितता इन्सुलेशनबरोबर अर्थिंगवरही अवलंबून आहे. वर्ग २ म्हणजे दुहेरी किंवा प्रबलित इन्सुलेशन असलेलं उपकरण. त्याच्या नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. प्लगला तीन पिना आहेत म्हणून उपकरण वर्ग १ असं धरू नका. काही वर्ग २ उपकरणांत तिसरी वायर फक्त कामकाजासाठी, म्हणजे गोंगाट कमी करण्यासाठी असते. नेहमी नेमप्लेट पाहा.

आता रुग्णाला लागणारा भाग. नुसती माणसाची आकृती असेल तर प्रकार बी, चौकोनातला माणूस असेल तर बीएफ, चौकोनातलं हृदय असेल तर सीएफ. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पॅडलसारख्या खुणा असतील तर तो भाग डिफिब्रिलेटरचा झटका सोसणारा आहे. सीएफची मर्यादा सर्वांत कडक, कारण तो भाग थेट हृदयाशी जोडला जाऊ शकतो. त्वचेवरून गेलेला साधारण १ मिलिअँपिअरचा करंट माणसाला जेमतेम जाणवतो. कॅथेटरमधून थेट हृदयात गेला तर त्याच्या कितीतरी पट लहान, काही दहा मायक्रोअँपिअरचा करंटही हृदयाची लय बिघडवू शकतो.

नेहमीची चूक : पूर्ण मॉनिटरला एकच प्रकार देणं. ईसीजी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन सॅच्युरेशन यांचे कनेक्टर वेगळे असतात आणि त्यांचे प्रकारही वेगळे असू शकतात. चिन्ह प्रत्येक कनेक्टरजवळ छापलेलं असतं, तिथे जाऊन वाचा.

टप्पा ३ : डोळ्यांनी तपासणी

मीटर लावण्याआधी सापडणारे दोष खूप असतात. माझ्या अनुभवात तर बहुतेक इथेच सापडतात. प्लगच्या पिना जळलेल्या, कॉर्ड प्लगपाशी किंवा उपकरणापाशी वळून आतली वायर दिसायला लागलेली, चिकटपट्टी गुंडाळून केलेली 'दुरुस्ती', बॉडीला तडा, आत गेलेल्या सलाइनचा पांढरा थर, फ्यूजच्या जागी भलत्याच क्षमतेचा फ्यूज. नेमप्लेटवरचा फ्यूज आणि आतला फ्यूज जुळतो का, हे होल्डर उघडूनच पाहा.

पेशंट लीड्स आणि सेन्सर हातात घेऊन पूर्ण लांबी तपासा. इशाऱ्याची लेबलं वाचता येतात का तेही पाहा. इथे दोष दिसला तर थांबा आणि आधी तो दूर करा. फुटक्या कॉर्डवर उपकरण चालू करून लीकेज मोजण्यात अर्थ नाही, आणि ते धोक्याचंही आहे.

टप्पा ४ : अर्थिंगचा रेझिस्टन्स (फक्त वर्ग १)

हा टप्पा लीकेजच्या आधीच यायला हवा. आतलं इन्सुलेशन गेलेलं असेल आणि अर्थिंगही तुटलेलं असेल, तर उपकरण चालू करताच त्याच्या बॉडीवर मुख्य पुरवठ्याचा व्होल्टेज येतो. त्याला स्पर्श होणारा पहिला हात तुमचा असेल. अर्थिंग चांगलं असल्याची खात्री झाल्यावरच पुरवठा द्या.

1. कॉर्ड अ‍ॅनालायझरच्या टेस्ट सॉकेटमध्ये लावा.
2. प्रोब उपकरणाच्या उघड्या, अर्थ केलेल्या धातूवर घट्ट टेकवा. रंगावर किंवा अ‍ॅनोडाइझ केलेल्या पृष्ठभागावर टेकवू नका.
3. मोजमाप चालू असताना कॉर्ड पूर्ण लांबीत वाकवत न्या, दोन्ही टोकांपाशी जास्त.
4. उपकरणाला स्पर्श होऊ शकेल असे अर्थ केलेले भाग एकाहून जास्त असतील तर प्रत्येक ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवा.

मर्यादा अशा आहेत : कॉर्डसह ०.३ ओहम. सुटी कॉर्ड वेगळी मोजली तर कॉर्डला ०.१ आणि उपकरणाला ०.२ ओहम. टेस्ट करंट किमान २०० मिलिअँपिअर हवा.

कॉर्ड वाकवताना आकडा उड्या मारायला लागला तर शेवटी तो मर्यादेत स्थिरावला तरी कॉर्ड बदला. आतल्या तारा तुटायला लागल्याची ती खूण आहे. स्थिर ठेवलेली कॉर्ड मोजून समाधान मानणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक.

उलट बाजूची चूकही होते. बॉडीवरचा एखादा स्क्रू किंवा सजावटीची पट्टी मोजून 'अर्थिंग नाही' असा शेरा मारला जातो. धातूचा प्रत्येक तुकडा अर्थ केलेला असतोच असं नाही. काही भाग आतून दुहेरी इन्सुलेशनने वेगळे केलेले असतात. तसंच २०० मिलिअँपिअरच्या लहान करंटला प्रोबखालचा गंज किंवा ऑक्साइडचा थर भेदता येत नाही आणि आकडा उगाच मोठा येतो. जागा खरवडून, प्रोब दाबून पुन्हा मोजा. मॅन्युअल पाहा. मगच नापास ठरवा.

सुट्या कॉर्डबद्दल एक सूचना : वॉर्डात त्या सर्रास अदलाबदल होतात. तपासलेल्या कॉर्डवर तिची स्वतःची खूण लावा, नाहीतर तपासली एक आणि वापरली दुसरी असं होतं.

टप्पा ५ : उपकरणाचा लीकेज करंट

पद्धती तीन आहेत. 'अ‍ॅनालायझरमध्ये जी आधीच निवडलेली आहे ती' अशी निवड करू नका.

थेट पद्धत. उपकरण चालू असतं, अर्थ वायर तोडलेली असते आणि बॉडी व उपकरणाच्या रुग्णाला लागणाऱ्या भागांतून जमिनीकडे जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जातो. त्यासाठी उपकरणाला जमिनीकडे दुसरी कोणतीही वाट असता कामा नये. टप्पा १ मध्ये केबली काढायला सांगितल्या त्या यासाठी. अट पाळली तर मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

फरकाची पद्धत. फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक मोजला जातो, म्हणून उपकरणाला दुसरा अर्थ असला तरी चालतं. पाण्याच्या जोडणीचं डायलिसिस मशीन किंवा जमिनीपासून वेगळं करता न येणारं मोठं उपकरण यासाठी हीच वापरा. पण फार लहान करंट तिला नीट मोजता येत नाही. वर्ग २ उपकरणाचे २०-३० मायक्रोअँपिअर या पद्धतीने मोजून त्यावर विसंबू नका.

पर्यायी पद्धत. उपकरणाला प्रत्यक्ष पुरवठा मिळत नाही. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यावर टेस्ट व्होल्टेज दिला जातो. मोजणाऱ्यासाठी ही सुरक्षित आहे, पण एक मोठी अट आहे : उपकरणाचा स्विच साधा यांत्रिक हवा आणि तो 'चालू'वर ठेवायला हवा. स्विच इलेक्ट्रॉनिक असेल किंवा आत रिले असेल तर पुरवठ्याशिवाय तो बंदच राहतो. मग टेस्ट व्होल्टेज स्विचच्या पुढे जातच नाही आणि आकडा सुंदर लहान येतो. आजची बरीच उपकरणं याच प्रकारची आहेत. अशा ठिकाणी थेट किंवा फरकाची पद्धतच वापरा.

मर्यादा पद्धतीनुसार बदलतात. थेट आणि फरकाच्या पद्धतीत वर्ग १ साठी ५०० आणि वर्ग २ साठी १०० मायक्रोअँपिअर. पर्यायी पद्धतीत वर्ग १ साठी १००० आणि वर्ग २ साठी ५००. पर्यायी पद्धतीत मर्यादा मोठी, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्ही बाजूंचा लीकेज एकत्र मोजला जातो. म्हणून पद्धतीची नोंद नसलेला आकडा पुढच्या वर्षी कुणाच्याही कामाचा नसतो.

थेट किंवा फरकाच्या पद्धतीने मोजताना :

1. उपकरण चालू करून त्याची सुरुवातीची स्वतपासणी पूर्ण होऊ द्या.
2. जे भाग कामात असताना करंट घेतात ते चालू करा : हीटर, मोटर, कॉम्प्रेसर. वॉर्मर चालू आहे पण हीटर बंद आहे, अशा स्थितीत मोजलेलं काही कामाचं नाही.
3. एका पोलॅरिटीत मोजा, मग उलट करून मोजा. मोठा आकडा नोंदवा.
4. त्या वेळचा पुरवठ्याचा व्होल्टेज लिहा.

चौथा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण लीकेज करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. नेमप्लेटवर २३० व्होल्ट आहेत, मोजताना पुरवठा २१० होता आणि आकडा ४५० आला, तर २३० व्होल्टला तो सुमारे ४९३ होतो. अजून मर्यादेत आहे, पण काठावर. काही अ‍ॅनालायझर हे गणित स्वतः करतात. तुमचा करतो का, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा आणि दोनदा करू नका.

इशारा : थेट पद्धतीत अर्थ वायर मुद्दाम तोडलेली असते. मोजमाप चालू असताना उपकरणाला हात लावू नका, दुसऱ्यालाही लावू देऊ नका.

पडताळणी : आकडा शून्याजवळ आला, किंवा गेल्या वर्षीपेक्षा खूप कमी आला? उपकरण खरंच चालू आहे का, कुठली केबल राहिली आहे का, सॉकेट आयसोलेटेड तर नाही ना, हे पुन्हा पाहा. मुख्य पुरवठ्यावर चालणाऱ्या वर्ग १ उपकरणात फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यामुळे थोडा लीकेज असणं स्वाभाविक आहे. अजिबात नसेल तर शंका घ्या.

टप्पा ६ : रुग्णाच्या बाजूचा लीकेज

बीएफ आणि सीएफ प्रकारांसाठी उपकरणाच्या रुग्णाला लागणाऱ्या भागावर (उपकरण रुग्णापासून दूर असताना) मुख्य पुरवठ्याएवढा व्होल्टेज देऊन करंट मोजतात. प्रश्न असा असतो : रुग्णाला दुसऱ्या कुठल्या तरी सदोष वस्तूतून व्होल्टेज लागला, तर या लीड्समधून किती करंट वाहील? मर्यादा बीएफला ५००० आणि सीएफला ५० मायक्रोअँपिअर. प्रकार बी ला ही चाचणी लागू नाही. त्याच्यावर असा व्होल्टेज देऊ नका.

एकाच कामाच्या लीड्स एकत्र जोडा. ईसीजीच्या सगळ्या लीड्स एक गट, रक्तदाबाचा ट्रान्सड्यूसर दुसरा गट. एका वेळी एकच गट मोजा आणि बाकीचे मोकळे ठेवा. सगळे गट एकत्र बांधून एकदाच मोजण्याचा मोह होतो, वेळही वाचतो, पण कोणता भाग सदोष आहे ते कळत नाही आणि सीएफची कडक मर्यादा बीएफच्या आकड्यात हरवते.

ज्या सेन्सरला उघडा धातू नाही, त्याच्या रुग्णाला लागणाऱ्या भागावर धातूची फॉईल घट्ट गुंडाळून तिला लीड जोडतात. नुसता क्लिप प्लास्टिकला अडकवून 'शून्य, पास' लिहू नका. रुग्णालयात वापरतात त्याच केबली जोडून मोजा. वर्कशॉपमधली नवी केबल वापरली तर वॉर्डातल्या जुन्या केबलचं काहीच कळणार नाही.

इशारा : या चाचणीत लीड्सच्या उघड्या टोकांवर मुख्य पुरवठ्याचा व्होल्टेज असतो. लीड्स हातात धरून बटण दाबू नका.

टप्पा ७ : इन्सुलेशन रेझिस्टन्स

हा टप्पा प्रत्येक वेळी करायचा नसतो. द्रव आत गेल्याचा संशय असेल किंवा पुरवठ्याकडचा भाग दुरुस्त केला असेल तर करा. ५०० व्होल्ट डीसी दिला जातो, उपकरणाचा स्विच 'चालू'वर हवा. मुख्य पुरवठा आणि अर्थ यांच्यामध्ये वर्ग १ ला किमान २ मेगाओहम, मुख्य पुरवठा आणि बॉडी यांच्यामध्ये वर्ग २ ला किमान ७ मेगाओहम. उत्पादकाने ही चाचणी नको म्हटलं असेल तर करू नका. सर्ज अ‍ॅरेस्टर (अचानक वाढलेला व्होल्टेज जिरवणारा भाग) असलेल्या सर्किटमध्ये दोष नसतानाही आकडा कमी दिसू शकतो.

टप्पा ८ : कामकाज तपासा आणि परत द्या

विद्युत चाचणी पास झाली म्हणजे उपकरण चालतं असा अर्थ होत नाही. पंपाचा प्रवाह, डिफिब्रिलेटरची ऊर्जा, मॉनिटरचे अलार्म, बॅटरीवर चालण्याचा वेळ, हे उत्पादकाच्या पद्धतीने तपासा. अलार्म वाजला असं पडद्यावर पाहून थांबू नका, आवाज कानांनी ऐका. मग टप्पा १ मधली सेटिंग्ज परत बसवा, काढलेली प्रत्येक केबल आणि अर्थ वायर जोडा आणि उपकरण सिस्टरच्या हाती द्या, नुसतं कोपऱ्यात ठेवून निघू नका.

उपकरण ट्रॉलीवर, अनेक सॉकेटच्या पट्टीवरून इतरांसोबत चालत असेल, तर सुटं मोजल्यावर संपूर्ण ट्रॉली एकत्र मोजा. पट्टीच्या एकाच अर्थ वायरमधून सगळ्या उपकरणांचा लीकेज जातो. ती वायर तुटली तर सगळ्यांची बेरीज ट्रॉलीच्या बॉडीवर येते. अशा जोडणीत अर्थिंगची मर्यादा ०.५ ओहम आहे.

टप्पा ९ : नोंद

'पास' हा शब्द नोंद नाही. लिहा : उपकरणाचा क्रमांक, वर्ग, प्रत्येक भागाचा प्रकार, सोबत मोजलेल्या केबली, पद्धत, प्रत्यक्ष आकडे, पुरवठ्याचा व्होल्टेज, अ‍ॅनालायझरचा क्रमांक, तारीख, सही. उपकरण नवीन येतं तेव्हाच पहिली चाचणी करा. तेच आकडे पुढे वर्षानुवर्षं तुलनेला लागतात.

तुलना आकड्यांची करा, निकालांची नको. लीकेज ११० वरून २९० वर गेला तर दोन्ही वर्षी निकाल 'पास'च असतो, पण आत काहीतरी बदललं आहे : ओल, फिल्टरचा कपॅसिटर, किंवा कुणीतरी बदललेला पॉवर सप्लाय. आकडा मर्यादेच्या ९० टक्क्यांवर गेला असेल तर जुने आकडे काढून वाढीचा वेग पाहा. जुने आकडे नसतील तर पुढची चाचणी लवकर ठेवा. मानकात उपकरणानुसार ६ ते ३६ महिन्यांची मुदत सुचवलेली आहे. ओल्या जागी, सतत हलवलं जाणारं, सीएफ भाग असलेलं उपकरण त्यातल्या लहान मुदतीत येतं.

नापास उपकरणाची कॉर्ड काढून वर्कशॉपमध्ये ठेवा आणि त्यावर दोष लिहिलेला टॅग बांधा. फक्त स्टिकर लावून ते वॉर्डात सोडलं, तर रात्रपाळीत उपकरण कमी पडल्यावर तेच वापरलं जातं. दुरुस्तीनंतर टप्पा ३ पासून पुन्हा सगळं मोजा, फक्त ज्या आकड्याने नापास झालं तेवढंच नव्हे, कारण उपकरण उघडताना आतली अर्थ वायर सैल राहिलेली मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे.